सुजाताच्या घरची खिरापत

पितृपक्ष लागला की नागपूरचं ऊन पुन्हा डोकं वर काढतं. पाऊस गेला म्हणावं तर गेलेला नसतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या या महिनाभरात ऊन आपली हौस भागवून घेतं. कूलर कोणी काढून ठेवत नाही, कारण काढला की दुसऱ्याच दिवशी उकडतं हा इथला हमखास अनुभव. संध्याकाळी मात्र कुठून तरी ओल्या गवताचा वास येतो. हुडकेश्वरला आमच्या इमारतीच्या मागे एक प्लॉट अजून रिकामा आहे, त्यात तरोटा, म्हणजे टाकळा, माजलाय, त्याचा तो वास. प्लॉटवर बिल्डरची पाटी लागली आहे, तेव्हा पुढच्या वर्षी हा वास असेल की नाही सांगता येत नाही.

खाली पार्किंगमध्ये भुलाबाई बसली आहे. विदर्भाबाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्याकडे मुलींचा हा सण असतो. भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी, अशी मातीची रंगवलेली जोडी पाटावर मांडायची. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुलींनी जमायचं, टाळ्या वाजवत गाणी म्हणायची, आणि मग ज्या घरचा नंबर असेल त्या घरची खिरापत खायची. पण खिरापत अशी सुखासुखी मिळत नाही. ती झाकणाच्या डब्यात असते. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचं आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. लहानपणी माझी भुलाबाईपेक्षा या डब्यावरच जास्त भक्ती होती.

आता आमच्या सोसायटीत गाणी स्पीकरवर लागतात आणि मुली त्यावर हातवारे करतात. खिरापत म्हणजे चिप्सची पाकिटं. डबा हलवला की रोज एकच आवाज येतो. त्यात ओळखायचं काय, कंपनी? मी एकदा हे बोलून दाखवलं, तर आमच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “काकू, पाकिटं कशी सगळ्यांनाच चालतात ना, म्हणून.” त्यांचं ते ‘सगळ्यांनाच चालतात’ मला आवडलं नाही. का आवडलं नाही, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

आज सकाळी लिफ्टपाशी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी भेटली. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, पण माझ्या वयाला सगळ्या मुलीच. उन्हाळ्यात भाड्याने राहायला आलेत हे लोक. दारावरची आडनावाची पाटी वाचून जे कळायचं ते साऱ्या इमारतीला लगेच कळलं होतं. मीही ती पाटी वाचली होती, चष्मा लावून वाचली होती. तिची लेक मात्र पोरींमध्ये एकटीच अशी आहे, की स्पीकर बंद पडला तरी गात राहते.

“काकू, आज आमचा नंबर आहे,” ती म्हणाली. “मी पाकिटंच आणते. घरचं काही नको, उगीच कोणाला अडचण.”

हे ती हसत हसत म्हणाली. असं हसायची तिला चांगली सवय असावी. मी “बरं” म्हटलं आणि वर आले. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. भाजी फोडणीला टाकून मी मीठ टाकलं की नाही ते विसरले.

कारण हे बोलणं मी आधी ऐकलेलं आहे. पाकिटं तेव्हा निघाली नव्हती.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी सातवी-आठवीत असेन. आमची गल्ली गिरणीच्या भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची. कवेलूची, म्हणजे कौलांची, बसकी घरं, पुढे शेणाने सारवलेली ओसरी, आणि गल्लीच्या बरोबर मध्ये म्युनिसिपालिटीचा नळ. नळाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. ते म्हणजे बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली घरं. त्यांच्या भिंतींवर देवाची एकही तसबीर नव्हती, आणि आमच्या भिंतींवर आणखी एक लावायची म्हटलं तर जागा नव्हती. एवढं सोडलं तर सगळं सारखं होतं. तीच गिरणी, तीच पाळ्यांची कामं, तेच रेशनचे लाल गहू. भांडणं होत नसत. कोणी कोणाला पाणी भरू नको म्हणत नसे. फक्त पलीकडच्या बाईची घागर भरून झाली की अलीकडची बाई नळाच्या तोटीवर ओंजळभर पाणी मारायची आणि मग आपली घागर लावायची. मला वाटायचं, नळ असाच वापरायचा असतो.

तोटी धुण्यात मालतीकाकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. काकू आमच्या शेजारच्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि दोन गल्ल्यांना पुरेल असा आवाज. सगळ्या गल्लीची भुलाबाई त्यांच्या ओसरीवर बसायची आणि गाणी त्यांची मंदा उचलायची. ‘गाणं उचलणं’ हा आमच्याकडचा शब्द. एकीने पहिली ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती धरायची. मंदाच्या पाठीमागे आम्ही बिनधास्त असायचो. चुकलं तरी तिच्या आवाजात बुडून जायचं.

त्या उन्हाळ्यात मंदाचं लग्न झालं आणि ती गोंदियाला सासरी गेली. भुलाबाईला माहेरी येईल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, पण सासूला बरं नाही असा निरोप आला. काकूंनी तरीही भुलाबाई आणली. मूर्तिकारांच्या चितारओळीतून नेहमीची जोडी आणली, झेंडूची माळ घातली, आणि आम्ही गायला बसलो. मग आमची फजिती सुरू झाली. ही गाणी लांबलचक असतात. सासू झाली की सासरा, सासरा झाला की दीर, मग जाऊ, नणंद, असं सगळं गोत एकेका कडव्यात येतं आणि चाल वर वर चढत जाते. मंदा कुठून सुरू करते याकडे आमचं कधी लक्षच गेलं नव्हतं. आम्ही उत्साहाने वरच्या पट्टीत उचलायचो आणि सासऱ्यापर्यंत पोचता पोचता सगळ्यांचे गळे बसायचे. दीर तर कोणालाच गाठता येईना. मग हसणं, एकमेकींना ढकलणं, आणि डब्याकडे पाहणं. काकू आत चुलीपाशी बसून ऐकायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. काकू बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

असंच एकदा सासऱ्याशी येऊन आम्ही अडकलो. संध्याकाळी नळ आला होता, पलीकडच्या बायका रांगेत होत्या. आमचा आवाज फाटला आणि त्याच क्षणी नळाकडून कोणीतरी तीच ओळ खालच्या सुरात घेतली. घाई नाही, जोर नाही. ओळ अशी आली की पुढची तिच्या मागे आपोआप आली.

*सासू म्हने अळनी भाजी, ननंद म्हने खारी,*
*भाजी माही एकच बाई, जीभ सार्‍यायची न्यारी.*

सुजाता होती ती. माझ्याच वर्गातली, नळाच्या पलीकडची. कमरेवर घागर, एका हाताने केस मागे सारत ती गात होती. आम्ही थांबलो म्हटल्यावर तीही थांबली.

“खालून उचला वं,” ती म्हणाली. “गानं लंबं हाय. पहिलेच माडीवर चढसान तं पुढं कोठी जासान?”

तिला हे कळायचं कारण होतं. तिच्या बाबांची गायन पार्टी होती. गिरणीतून आले की ते पेटी घेऊन विहारात बसायचे, आणि गाणं कोणत्या पट्टीत धरायचं यावरून त्यांचे आपसात तासन्‌तास वाद चालायचे. सुजाता त्या वादांतच वाढली होती. पण भुलाबाईची गाणी तिला कुठून येत होती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. काकूंना पडला. त्या ओसरीवर आल्या, पदराला हात पुसत.

“कोन म्हनलं ते?”

सुजाताने घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली. “मी.”

“पुढलं येते काय?”

“सारंच येते.”

काकू आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. “कुंदे, तिले म्हन, संध्याकाळी ओसरीवर येऊन बस म्हनाव. गळ्याले काही इटाळ नसते.” मी हा निरोप शाळेत सुजाताला जसाच्या तसा दिला, इटाळासकट. त्या वयात एवढी अक्कल कुठली? सुजाताने ऐकून घेतलं, पेन्सिलीला टोक काढलं, आणि मग म्हणाली, “येईन मी. पन नंबर सार्‍यायच्या घरी असते ना? मंग एक दिवस माह्या घरी बी याचं. अन् खिरापत खाची.”

बस, तिची एवढीच अट. महिनाभर तिने दुसरं काही मागितलं नाही आणि ही अट सोडलीही नाही.

तिच्या घरीही हे सोपं नव्हतं. गौरी-गणपतीला मानणार नाही, अशी शपथ घेतलेला तिचा बाप. त्याच्या लेकीने भुलाबाईपुढे गावं म्हणजे काय? सुजाताने मला नंतर सगळं सांगितलं. बाबांनी पेटी पुढ्यात ओढली आणि म्हणाले, म्हण सगळी गाणी. तिने म्हटली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि निकाल दिला, “पहिले दोन गाने देवीचे हायेत, ते तू म्हनू नको. बाकीचे सारे सासूचे हायेत. सासू काय देव हाय काय?”

आतून अनसूयाबाई, सुजाताची आई, म्हणाली, “तुमच्या मायले इचारून पाहा.”

तेव्हा ठरलं ते असं. पहिली दोन गाणी आम्ही म्हणायची, तिसऱ्यापासून सुजाताने उचलायचं. त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे भुलाबाईची स्तुती अगदीच सुमार झाली आणि सासूची निंदा अप्रतिम. पलीकडच्या बायका घागरी खाली ठेवून ऐकायला लागल्या. अलीकडच्या ओसरीवर आल्या. सासू दोन्हीकडे होतीच. खरं सांगायचं तर गल्लीच्या दोन्ही भागांत एकमत व्हावं असा तो एकच विषय होता, आणि त्यावर इतकं मनापासून एकमत मी नंतर कोणत्याही सभेत पाहिलं नाही.

खिरापत मात्र सुजाताला वेगळी मिळायची. आम्ही डब्यात हात घालायचो, तिला काकू पळसाच्या पानावर वरून टाकायच्या. डबा ओळखण्यात ती सगळ्यांत हुशार होती, कान तयार होता तिचा. हलवलेला डबा नुसता ऐकून सांगायची, “फुटाने. गूळ बी हाय सोबत.” ओळखायची ती आणि पान पुढे करून थांबायचीही तीच. खाऊन झालं की काकूंना विचारायची, “मंदाची आई, माहा नंबर कवा?” काकू म्हणायच्या, “पाहू ना. घाई काय हाय?” दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायची. चिडून नाही, रडून नाही. गॅस सिलिंडरचा नंबर लागला का म्हणून विचारावं, तसं.

मग दसरा आला. आमच्याकडे आपट्याची पानं, आणि पलीकडच्या घराघरांत पाहुणे. दीक्षेच्या दिवसासाठी खेड्यापाड्यांतून पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, डोक्यावर गाठोडी, गाठोड्यात भाकरी, अशा पायी यायच्या. सुजाताच्या दोन खोल्यांत किती माणसं राहिली असतील देव जाणे, किंवा त्यांच्या घरी तोही जाणत नव्हता. दुपारी त्या बाया नळापाशी सावलीत बसून गायच्या. त्या गाण्यांत देवी नव्हती. शाळा होती, पुस्तक होतं, आणि ज्याने हे हातात दिलं त्या माणसाबद्दलची माया होती. आम्ही मुली ओसरीवर आपट्याची पानं निवडत होतो. अचानक माझे हात थांबले. चाल आमची होती. सासू अळणी म्हणते, नणंद खारी म्हणते, तीच चाल. तशीच खालून उचललेली, तशीच चढणारी. सासूच्या जागी शाळा आली होती, एवढाच फरक.

काकूंनीही ऐकलं. त्या ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. “हे तं आमची चाल हाय,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

अनसूयाबाई पाहुण्यांचे तांबे भरत होती. तिने मान वर केली नाही. “माही माय पाटलाच्या आंगनाबाहीर गवताचा भारा घेऊन उभी राहे, मंदाची आई. आतमंधी पोरी भुलाबाईचे गाने म्हनत. भारा कोनी उतरून घेत नव्हतं लवकर, मंग काय करन? गानं ऐके. तिनं बाहीरून शिकलं अन् मले शिकोलं. आमी आता आमचे शब्द टाकले.”

काकू ऐकत तशाच उभ्या राहिल्या. बाया पुढचं कडवं म्हणू लागल्या. चाल तिथे एक वळण घेत होती, ते आमच्याकडे कोणालाच येत नव्हतं, मंदालाही नाही. संध्याकाळी काकूंनी सुजाताला विचारलं, “ते दुपारी म्हनून राहिल्या होत्या ना, ते वळन कसं घेतलं वं त्याहीनं?” सुजाताने म्हणून दाखवलं. आणि पाठोपाठ, “माहा नंबर कवा?”

“कोजागिरीच्या आदल्या दिवशी,” काकू म्हणाल्या.

आता प्रश्न आला घराघरांतल्या आयांचा. माझी आई वाईट नव्हती. ती अनसूयाबाईशी गिरणीच्या पगाराबद्दल, तांदळातल्या खड्यांबद्दल तासभर बोलत उभी राहायची. पण त्या दिवशी माझी वेणी घालता घालता म्हणाली, “गाऊन या. कोणी काही खायला दिलं तर म्हणायचं, उपास आहे.” गल्लीतल्या दुसऱ्या आयाही बहुधा त्याच वेळी त्याच वेणीपाशी तेच सांगत असाव्यात, कारण सुजाताच्या दारात पोचेपर्यंत आम्हा सगळ्यांनाच उपास होता. मी सुजाताकडे पाहायचं टाळत होते. तिने शाळेतून आल्यावर ओसरी सारवली होती, सारवणाचा वास अजून ओला होता.

त्यांच्या घरात भुलाबाई नव्हती. मधोमध बाबांची पेटी होती, तिच्यापुढे डबा, पितळेचा, चिंचेने घासून लखलखीत. बाबा स्वतः पेटीवर बसले. आमच्या गाण्यांना पेटीची साथ ही आयुष्यातली पहिलीच वेळ. पहिली दोन गाणी वगळून आम्ही थेट सासूपासून सुरुवात केली. आणि काय गायलो! पट्टी धरून ठेवायला पेटी होती, उचलायला सुजाता होती. दीर, जाऊ, नणंद, सगळ्यांना गाठून आम्ही शेवटच्या कडव्यापर्यंत पोचलो, आणि कोणाचाही गळा बसला नाही. मधे एकदा मी दाराकडे पाहिलं. मालतीकाकू बाहेर उभ्या होत्या, पोरींवर लक्ष ठेवायला आल्यासारख्या. तोंड नळाकडे, कान आत.

गाणी संपली. सुजाताने डबा उचलून माझ्या हातात दिला. जड होता. हलवला तर आत काहीतरी धपधप आपटलं.

“लाडू,” कोणीतरी म्हणालं.

“नाही,” अनसूयाबाई म्हणाली.

“गोड की तिखट?”

“गोड. थोडं आंबट.”

“तळलेलं?”

“तळलं नाही.”

“भाजलेलं? उकडलेलं?”

“भाजलं नाही, उकडलं नाही,” ती म्हणाली. “आगीवर ठेवलंच नाही.”

आम्ही हरलो. ओळखण्यात हुशार असलेली सुजाता गप्प होती. तिला माहीतच होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला ते आवडलेलं नाही. अनसूयाबाईने झाकण काढलं. संत्री होती. मोसमाची पहिली, पुरती पिवळी न झालेली, देठापाशी हिरवी.

“घ्या वं पोरीहो,” ती म्हणाली. “सालीतले हायेत. आतमंधी कोनाचाच हात लागला नाही. अन् उपासाले बी चालतात.”

हे सगळं ती हसत हसत म्हणाली. आमच्या आयांनी आम्हाला काय शिकवून पाठवलं असेल, ते तिला आमच्या आधी माहीत होतं. तिने त्याची सोय करून ठेवली होती. आमची लाज राहावी आणि तिच्या लेकीचा नंबरही व्हावा, म्हणून तिने निसर्गानेच बंद करून दिलेलं काहीतरी शोधून आणलं होतं. मला त्या वयात एवढं शब्दांत कळलं नाही. पण मी हात पुढे करू शकले नाही, आणि बाकीच्यांनीही केला नाही. सुजाता डब्याकडे पाहत उभी होती. बाबा उगीच पेटीचा भाता लावत होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला, दोन गल्ल्यांना पुरणारा.

“काहून वं अनसूया, तुह्या घरी चूल नाही काय?”

अनसूयाबाई दचकली. तिला वाटलं, काहीतरी चुकलंच. “हाय ना,” ती हळू म्हणाली.

“मंग? महिनाभर तुह्या पोरीनं माही भुलाबाई सांभाळली. माह्या मंदाच्या जागी बसून गाऊन राहिली ती. अन् तू तिच्या नंबराले पोरीयले फळं दाखवून राहिली? काही शिजवशीन का नाही?”

“पन काकू, आम्हाले उपास हाय,” आमच्यातली सगळ्यांत धाकटी म्हणाली. बिचारीला घरून जसं सांगितलं होतं तसं.

“गप वं! कायचा उपास? दुपारी माह्या घरी शेंगा खाऊन गेली ते कोन होतं?”

अनसूयाबाईने चूल पेटवली. घरात पोहे होते. कांदा चिरायला सुजाताच बसली, आणि तिचे डोळे ओले होते ते कांद्यामुळे नव्हते, कारण अजून तिने कांदा सोलायला घेतलाही नव्हता. मोहरी तडतडली. काकू आल्या आणि उंबरठ्यावर बसल्या. आत नाही आणि बाहेरही नाही, अशा. पोहे झाले. पहिली ताटली अनसूयाबाईने काकूंपुढे धरली, दोन्ही हातांनी. साऱ्या पोरी पाहत होत्या. बाबा पाहत होते. नळावरच्या बायकाही थांबल्या होत्या. काकूंनी घास घेतला, सावकाश चावला आणि गिळला.

“मीठ कमी हाय,” त्या म्हणाल्या.

मग सुजाताने उचललं, अगदी खालून: *सासू म्हने अळनी भाजी…* आणि आम्ही जे हसलो! बाबांनी पेटी धरली, अनसूयाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली, काकू “काय झालं वं, काय झालं?” म्हणत राहिल्या आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. अनसूयाबाईने मिठाचा वाडगा आणून त्यांच्यासमोर ठेवला. काकूंनी आपल्या हाताने चिमूट घेतली. पोहे सगळे संपले. संत्री आम्ही घरी जाताना खाल्ली.

सुजाता आता अजनीला असते, संगीत शिकवून निवृत्त झाली. या दिवसांत आमचा फोन होतोच. ती म्हणते मी वाढवून सांगते, काकू उंबरठ्यावर नव्हत्या, दाराबाहेरच्या दगडावर होत्या. असेल. दगड म्हणा. पण मीठ कमी होतं, यावर आमच्यात वाद नाही.

पुढे सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. माझी आई त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही, आणि मीही पोहे खाल्ल्याचं लपवलं नाही. काकूंनी नळाची तोटी धुणं लगेच सोडलं नाही. हाताची सवय होती ती. ती पुढे कधीतरी थांबली आणि नेमकी कधी, ते कोणी पाहिलं नाही. काही वर्षांनी गिरणी बंद पडली, घरं सुटली, गल्ली पांगली. गाण्याने माणसं जोडली जातात असं भाषणात म्हणतात. माझा अनुभव एवढाच आहे की गाणं आपल्याला दारापर्यंत आणून सोडतं. तिथून पुढे चाल उपयोगाची नाही. आत जाऊन बसावं लागतं आणि समोर येईल ते खावं लागतं. आणि ज्या घरी बसून मीठ कमी आहे असं तोंडावर म्हणता येतं, त्याच घरी आपण गेलो असं म्हणता येतं. बाकी सगळी नुसती भेट.

संध्याकाळ झाली आहे. मागच्या प्लॉटवरून तरोट्याचा वास येतोय. खाली पोरींचा गलका सुरू झाला म्हणून मी उतरले. तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी लिफ्टमधून बाहेर येत होती, हातात दुकानाची फुगलेली पिशवी. लेक तिच्या पुढे पळाली. पिशवीतून पाकिटांचा चुरचुर आवाज येत होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तसंच हसली.

मी एरवी इमारतीत फार शुद्ध बोलते. पण तोंड उघडलं ते काकूंचंच.

“काहून वं, तुह्या घरी चूल नाही काय?”

ती थांबली. हसू गेलं. पार्किंगमध्ये कोणीतरी स्पीकरची वायर जोडत होतं.

“आहे ना, काकू,” ती म्हणाली. आणि मग, “पोहे चालतील?”

“चालतील. पण मीठ कमी पडलं तर मी बोलून दाखवीन, आत्ताच सांगून ठेवते.”

तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि जिन्यानेच वर पळाली.